ब्लँक सोडायला लाजू नकोस

अगं, परवा तुझ्या मेडिकल ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांचं रेकॉर्डिंग ऐकून टाइप करण्याच्या कामाबद्दल फोनवर म्हणालीस ना, "ताई, डॉक्टर एक अक्षर कळू देत नाही आणि वर हेडिंगही सांगत नाही, बोलतच सुटतो." तुला वाटलं दोन तक्रारी केल्यास. दुखणं एकच आहे. आपण कुठल्या हेडिंगखाली आहोत हे हातातून सुटलं की कानही भरकटतो. म्हणून आधी हेडिंगांचं बोलते.

चीफ कम्प्लेंट, हिस्टरी ऑफ प्रेझेंट इलनेस, पास्ट मेडिकल हिस्टरी, मेडिकेशन्स, ॲलर्जीज, फॅमिली, सोशल, रिव्ह्यू ऑफ सिस्टिम्स, फिजिकल एक्झामिनेशन, असेसमेंट आणि प्लॅन. ही माळ क्लासमध्ये तुझ्याकडून घोकून घेतली असेलच. घोकलेलं पहिल्या आठवड्यापुरतं पुरतं, कारण अमेरिकेतला डॉक्टर रात्री घरी जाता जाता गाडीतून बोलत असतो, त्याला माळेचा क्रम कुठला आठवायला! तू एकच प्रश्न विचारत जा: हे कुणाला कळलं? पेशंटला, की डॉक्टरला?

पेशंटनं तोंडानं सांगितलेलं सगळं हिस्टरीत नाहीतर रिव्ह्यू ऑफ सिस्टिम्समध्ये जातं. डॉक्टरनं हात लावून, ऐकून, बघून जे ठरवलं ते फिजिकलमध्ये. "डिनाइज चेस्ट पेन" हे पेशंटचं बोलणं. "लंग्ज क्लिअर टू ऑस्कल्टेशन" हे स्टेथोस्कोपचं. "नो ॲब्डॉमिनल पेन" वर राहील, पण "ॲब्डोमेन सॉफ्ट, नॉनटेंडर" खाली जाईल, कारण पोट मऊ आहे हे दाबल्याशिवाय कसं कळणार? नवीन मुली इथेच अडकतात. डॉक्टर श्वास न घेता एकातून दुसऱ्यात शिरतो आणि सगळं एकाच परिच्छेदात टाइप होतं. ब्लड प्रेशर, पल्स, टेम्परेचर असे आकडे सुरू झाले की समज, फिजिकलचा उंबरठा आला.

आणि प्लॅन सांगताना मध्येच त्याला आठवतं, "ओ, शी इज ॲलर्जिक टू सल्फा." ते बिचारं वाक्य प्लॅनच्या शेपटाला लटकत ठेवू नकोस. क्लायंटच्या सूचनांत परवानगी असेल तर वर ॲलर्जीजखाली ने. सूचना म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक अकाउंटचा जो स्पेसिफिकेशनचा कागद असतो, तो. डॉक्टर "इम्प्रेशन" म्हणाला तर "इम्प्रेशन"च ठेवायचं की "असेसमेंट" करायचं, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्या आवडीनं ठरवायचं नाही. बाकी हेडिंगमधली लघुरूपं पूर्ण लिही, निदानांतलीही. ऑपरेशनच्या नोटमध्ये डॉक्टर "पोस्टऑपरेटिव्ह डायग्नोसिस, सेम" म्हणतो, तिथे "सेम" न लिहिता वरचं निदान पुन्हा पूर्ण लिहितात.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. डॉक्टर ॲलर्जीबद्दल काहीच बोलला नाही, आणि टेम्प्लेटमध्ये जागा रिकामी दिसते म्हणून तू "नन" लिहिलंस, तर ती पेशंटबद्दल तू रचलेली वैद्यकीय माहिती झाली. रिकामी जागा सुंदर दिसावी म्हणून काही भरायचं नाही.

आता कानाचं. अस्पष्ट शब्द आला की तू लगेच वेग कमी करतेस, हो ना? अति सावकाश केलं की आवाज फाटतो, शब्द आणखी बिघडतो. उलट लांबण लावून बोलणाऱ्याचा वेग थोडा वाढवून बघ, कधी कधी चटकन उमगतं. तेही नाही जमलं तर ती जागा सोडून पुढे जा आणि अख्खी फाइल संपव. तेच औषध, तोच अवयव पुढे प्लॅनमध्ये स्वच्छ उच्चारात पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते. त्याच डॉक्टरच्या जुन्या नोट्स मिळत असतील तर त्या वाच. प्रत्येकाची चार-सहा ठरलेली वाक्यं असतात, ती एकदा कानात बसली की तो तोंडात सँडविच धरून बोलला तरी चालतं.

पण खरी किल्ली हेडिंगच. "इलियम" असा आवाज आला. आतड्याचं शेवटचं टोकही इलियम आणि कमरेचं हाडही इलियम, स्पेलिंगमध्ये फरक फक्त ई आणि आयचा. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये आलं तर आतडं, पेल्व्हिसच्या एक्स-रेमध्ये आलं तर हाड. "डिस्फेजिया" गिळण्याचा त्रास, "डिस्फेझिया" बोलण्याचा. पेशंटला स्ट्रोक झाला असेल तर दोन्ही शक्य, तिथे आजूबाजूची वाक्यं बघायची. "हायपोटेन्शन" की "हायपरटेन्शन" अशी शंका आली तर वर व्हायटल्समधलं ब्लड प्रेशर बघ. आणि "ही इज अफेब्राइल" मधला तो सुरुवातीचा "अ" नीट ऐक. तो निसटला तर ताप नसलेल्या माणसाला ताप चढतो.

औषधांत तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशी नावं आहेत. सेलेक्सा नैराश्यावर, सेलेब्रेक्स सांधेदुखीवर, सेरेबिक्स झटक्यांवरचं इंजेक्शन. डोस बघ: सेलेक्सा बहुधा 20 मिलिग्रॅम, सेलेब्रेक्स 200. लॅमिक्टल अपस्मारावर, लॅमिसिल बुरशीवर. आपले कान काही वाईट नाहीत, नावंच तशी. ॲसिडिटीवरच्या लोसेकचं नाव लॅसिक्स या दुसऱ्या औषधाशी गल्लत होत होती म्हणून 1990 मध्ये अमेरिकेत बदलून प्रायलोसेक केलं गेलं.

आकडे आले की पाठीचा कणा ताठ कर. फिफ्टीन आणि फिफ्टी भराभर बोललं की कानाला जवळजवळ सारखेच वाटतात, आपण मराठी शाळेतल्या मुली तिथे हमखास अडखळतो. 2008 मध्ये अलाबामात एका महिलेच्या डिस्चार्ज समरीत इन्सुलिन 8 युनिटऐवजी 80 युनिट झालं. टायपिंग भारतात झालं होतं. पुढच्या ठिकाणी त्या कागदावरून डोस दिला गेला आणि ती गेली. 2012 मध्ये ज्युरीनं कुटुंबाला 14 कोटी डॉलर देण्याचा निकाल दिला. घाबरवायला सांगत नाही. पण 80 युनिट ऐकू आलं, तर एवढा डोस कुणाला देतात हा प्रश्न डोक्यात वाजला पाहिजे. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेच्या 2004 पासूनच्या यादीप्रमाणे "यू" लिहायचं नाही, "युनिट्स" पूर्ण लिहायचं, कारण हातानं लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो. त्याच यादीत 5.0 असं शेपटाचं शून्य नको, आणि .5 च्या आधी शून्य हवंच.

हल्ली तुमच्याकडे आधी सॉफ्टवेअरचा मसुदा येतो आणि तुम्ही तो तपासता. सोपं वाटतं ना? मला ते जास्त अवघड वाटतं. ते सॉफ्टवेअर "मला कळलं नाही" असं सहसा म्हणत नाही, कळलेलं आणि न कळलेलं सारख्याच ऐटीत लिहून देतं. छापलेला शब्द डोळ्यांसमोर असला की कानही तोच ऐकतो. शंका आली की स्क्रीनवरून नजर काढ, एकदा नुसतं ऐक, मग वाच.

एवढं करूनही नाहीच लागलं, तर ब्लँक सोड. परवा तू म्हणालीस, "ब्लँक जास्त गेले तर काम तपासणाऱ्या क्यूएवाल्या मॅडम काय म्हणतील?" अगं, ब्लँक दुरुस्त होतो. अंदाजानं टाकलेला नीटनेटका शब्द कुणाच्या नजरेलाच येत नाही, तो तसाच पेशंटच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. फक्त ब्लँक आळशी नको. वेळ टाक, मिनिट आणि सेकंदासह. ऐकू आलं ते उच्चारासारखं लिही: "लॅम-सारखं, 25 मिलिग्रॅम, सीझर्सच्या संदर्भात." डावा गुडघा म्हणता म्हणता डॉक्टर मध्येच उजवा म्हणाला, तर कुठला खरा हे तू ठरवू नकोस. दोन्ही जागांच्या वेळा टाकून क्यूएला चिठ्ठी लाव, मॅडम डॉक्टरला विचारतील.