एकट्याचा खेळ

बुद्धिबळाला दोन खेळाडू लागतात. सोंगट्यांना चौघे जमले म्हणजे रंगत येते. परंतु जवळ सोबतीच नसेल तर? अशा वेळी कामी येणारा एक जुना खेळ आहे. त्याचे नाव सॉलिटेअर, म्हणजे एकट्याचा खेळ. फ्रान्समधील १६९७ सालच्या एका चित्रात एक उमराव स्त्री हा पट पुढ्यात घेऊन बसलेली दिसते. भारतात तो ‘ब्रेनविटा’ या नावाने परिचित आहे.

पटाचा आकार अधिकाच्या चिन्हासारखा असून त्यात ३३ खळगे असतात. मधला खळगा रिकामा ठेवून इतरांत ३२ गोट्या मांडतात. गोटीने शेजारच्या गोटीवरून पलीकडच्या रिकाम्या खळग्यात आडवी किंवा उभी उडी घ्यावयाची आणि जिच्यावरून उडी घेतली, ती गोटी उचलावयाची. ३१ उड्यांनंतर एकच गोटी, तीही मध्यभागी उरली, म्हणजे खेळ जिंकला.

समजा, एका मुलाने शेवटची गोटी मध्याच्या शेजारच्या खळग्यात आणण्याचे ठरविले. शंभर वेळा खेळूनही ते साधले नाही, तर उणीव कोणाची? त्याच्या बुद्धीची, की ती गोष्टच अशक्य आहे? शंभर अपयशांनी याचा निर्णय होत नाही. येथे गणित साहाय्यास येते.

पटावर एकाच दिशेने तिरप्या रेषा कल्पाव्या आणि एकेका रेषेवरील खळगे क्रमाने लाल, पिवळे, निळे, पुन्हा लाल असे रंगवावे. मधला खळगा लाल यावा. प्रत्येक रंगाचे ११ खळगे होतात. मधला रिकामा असल्यामुळे प्रारंभी लाल खळग्यांत १० गोट्या असतात, पिवळ्यांत ११ आणि निळ्यांत ११. प्रत्येक उडीत तीन रंगांचे तीन खळगे येतात. त्यांपैकी दोन रंगांतील एकेक गोटी कमी होते व तिसऱ्यात एक वाढते. म्हणजे प्रत्येक उडीसरशी समाचे विषम व विषमाचे सम होते. ३१ ही संख्या विषम आहे. म्हणून अखेरीस लालांची संख्या विषम व इतर दोन सम असतात. अर्थात उरलेली एकच गोटी लाल खळग्यातच असली पाहिजे.

रेषा उलट दिशेने ओढल्या तरी हेच उत्तर येते. दोन्ही वेळा लाल ठरणारे खळगे पाचच: मधला, आणि चारही भुजांच्या टोकांवरील मधले चार. मध्याचा शेजारी त्यांत नाही. त्या मुलाच्या बुद्धीत काहीच उणीव नव्हती!

‘हे होणार नाही’ असे गणिताने थोडक्यात सांगितले. परंतु जे होणार आहे, त्याची वाट शोधणे सोपे नसते. एका गोटीच्या लागोपाठ उड्या ही एकच खेळी मानली, तर मूळ खेळ १८ खेळ्यांत सुटतो, हे अर्नेस्ट बर्गहोल्ट यांनी १९१२ साली दाखविले. याहून कमी खेळ्यांत तो सुटणे अशक्य आहे, हे सिद्ध होण्यास १९६४ साल उजाडले. ते काम जॉन बीझली यांनी केले. पट कितीही मोठा आणि मांडणी कोणतीही असेल, तर हा प्रश्न अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो, हे १९९० साली उएहारा व इवाता यांनी सिद्ध केले. सुटलेला डाव तपासणे सोपे; पण अशा प्रत्येक मांडणीचे उत्तर झटपट काढणारी रीत संगणकासाठीही अद्याप सापडलेली नाही.

म्हणून प्रयत्न केव्हा थांबवावा, हे कंटाळ्याने ठरवू नये. कारण शोधून ठरवावे.

स्वाध्याय
१. शंभर अपयशांनी निर्णय का होत नाही?
२. पट वहीत काढून तीन रंगांत रंगवा व प्रत्येक रंगाचे खळगे मोजा.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा: सम, अशक्य, अपयश.