ओळंबा आणि फोन

मोबाइल फोन आडवा धरला की त्याच्यावरचे चित्रही आडवे होते. आपण फोन कसा धरला आहे, हे त्याला कोण सांगते? गवंड्याचा जुना ओळंबा आणि नवा फोन यांचे नाते या पाठात सांगितले आहे.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. आमच्या गल्लीत छातीएवढे पाणी होते. काही दिवसांनी पाणी ओसरले; पण आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतली ओल काही गेली नाही. दर पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे पडत. शेवटी यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अब्बांनी ती भिंत पाडून नवी बांधायचे ठरवले.

आमचे चाचा मिरजेला राहतात. ते गवंडीकाम करतात. त्यांनीच भिंत बांधायला घेतली. मी विटा भिजवत होते, भाईजान वाळू चाळत होते. चौथ्या दिवशी भिंत दहा फूट उंच झाली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर छप्पर चढणार होते.

भाईजान कॉलेजात कॉम्प्युटर शिकतात. फोन किती कलला आहे हे दाखवणारे एक छोटे अ‍ॅप त्यांनी नुकतेच तयार केले होते. त्यांनी फोनची डावी कड भिंतीला लावली, पडद्यावर नजर टाकली आणि ते गप्प झाले.

"काय झाले बेटा?" चाचांनी विचारले.

"चाचा, भिंत आतल्या बाजूला १ अंश कलली आहे."

अब्बांचा चेहरा उतरला. भिंत पाडायची म्हणजे पुन्हा सिमेंट, पुन्हा मजुरी. पैसे तर बेताचेच होते. पण कललेल्या भिंतीवर छप्पर तरी कसे ठेवणार? त्याच भिंतीपाशी अम्मी रोज स्वयंपाक करणार होती.

चाचा रागावले नाहीत. ते म्हणाले, "तुझे यंत्र खोटे बोलते असे मी म्हणणार नाही. पण जरा भिंतीलाही विचारू."

त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले लोखंडी वजन. दोरी लाकडाच्या एका लहान तुकड्यातून ओवलेली असते. तो तुकडा वजनाएवढाच रुंद असतो.

"गावात याला ओळंबा म्हणतात. माझे उस्ताद याला साहूल म्हणायचे," चाचा म्हणाले. शिडीवर चढून त्यांनी लाकडी तुकडा भिंतीच्या माथ्याशी टेकवला आणि वजन खाली सोडले. वजन थोडा वेळ झुलले आणि स्थिर झाले.

"आता नीट पाहा. भिंत वरून आत झुकली असेल, तर वजन खाली भिंतीपासून दूर लोंबेल. भिंत वरून बाहेर झुकली असेल, तर वजन भिंतीला घासून राहील. ओळंब्यात असेल, तर वजन भिंतीला जेमतेम स्पर्श करील."

वजन भिंतीला जेमतेम स्पर्श करत होते.

भाईजानांनी मनात हिशोब केला. दहा फुटांच्या भिंतीत १ अंशाचा कल म्हणजे माथा आणि पाया यांत दोन इंचांहून थोडा जास्त फरक. एवढा फरक ओळंब्यावर डोळ्यांना सहज दिसला असता. म्हणजे दोघांपैकी एकजण चुकत होता.

चाचांनी विचारले, "बेटा, माझा ओळंबा तर सर्वांना दिसतो. तुझा ओळंबा कुठे आहे?"

भाईजान म्हणाले, "तो फोनच्या आत एका चिपमध्ये आहे. त्याला त्वरणमापक म्हणतात. सिलिकॉनचा एक अगदी सूक्ष्म तुकडा केसाहून बारीक पात्यांवर टांगलेला असतो. फोन कलला की तो तुकडा किंचित सरकतो. तो सरकला की शेजारच्या पट्ट्यांतली विद्युत धारकता बदलते. चिप तो बदल मोजते आणि त्याचा आकडा करते."

"म्हणजे लहानसा ओळंबाच की!" मी म्हणाले.

"हो. पण हा तीन दिशांनी मोजतो. पहिली दिशा फोनच्या रुंदीची, दुसरी उंचीची आणि तिसरी पडद्यातून बाहेर येणारी. फोन उभा आणि स्थिर धरला, तर उंचीच्या दिशेचा आकडा ९.८ च्या जवळ येतो आणि बाकीचे दोन शून्याच्या जवळ. पृथ्वीच्या गुरुत्वाचे त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे सुमारे ९.८ मीटर आहे ना, तोच हा आकडा. फोन डाव्या कडेवर आडवा केला, तर ९.८ हा आकडा रुंदीच्या दिशेला जातो. टेबलावर पडदा वर करून ठेवला, तर तो तिसऱ्या दिशेला जातो. फोन उलटा धरला, तर आकड्यामागे उणे चिन्ह येते. कोणता आकडा मोठा, एवढे पाहिले की फोन कसा धरला आहे ते अ‍ॅपला समजते."

"आणि फोन बरोबर मधोमध तिरका धरला तर?" मी विचारले.

"४५ अंशांवर रुंदीचा आणि उंचीचा आकडा सारखाच येतो, सुमारे ६.९. अशा वेळी हात जरा हलला तरी चित्र सारखे उभे-आडवे होत राहील. म्हणून अ‍ॅपमध्ये एक नियम घालावा लागतो. मधली रेषा बरीच ओलांडल्याशिवाय चित्र फिरवायचे नाही. फोन टेबलावर सपाट असेल, तर उभे-आडवे काही ठरवताच येत नाही. तेव्हा आधीची स्थिती तशीच ठेवायची. रिक्षात धक्के बसतात, तेव्हा आकडे उड्या मारतात. म्हणून एकाच आकड्यावर विश्वास न ठेवता अनेक आकड्यांची सरासरी घ्यायची."

चाचा हसले. "माझेही तसेच आहे. वजन झुलत असताना मी निकाल देत नाही. ते स्थिर होऊ देतो. पण बेटा, एक गोष्ट सांग. तुझ्या चिपचे शून्य बरोबर आहे, हे तुला कोणी सांगितले?"

भाईजान निरुत्तर झाले.

चाचांनी पिशवीतून पाणसळ काढली. लांबट पट्टी, तिच्यात काचेची नळी आणि नळीत हवेचा बुडबुडा. "नवी पाणसळ आणली की मी ती आधी ओट्यावर ठेवतो. बुडबुडा कुठे आहे ते पाहतो. मग त्याच जागी तिची टोके उलटसुलट करून ठेवतो. ओटा कललेला असेल, तर बुडबुडा दोन्ही वेळा ओट्याच्या एकाच, चढत्या टोकाकडे जाईल. पाणसळच वाकडी असेल, तर तो दोन्ही वेळा पाणसळीच्या त्याच टोकाकडे जाईल. तुझ्या फोनलाही असेच फिरवून पाहा."

भाईजानांनी फोनची डावी कड पुन्हा भिंतीला लावली. पडद्यावर आले, 'उजवीकडे १ अंश'. मग त्यांनी फोन उभाच ठेवून अर्धा फिरवला आणि त्याच जागी उजवी कड लावली. भिंत खरोखर आत कललेली असती, तर आता 'डावीकडे १ अंश' यायला हवे होते. आम्ही सगळे वाकून पाहू लागलो.

पडद्यावर आले, 'उजवीकडे १ अंश'.

"भिंत सरळ आहे!" भाईजान ओरडले. "माझ्याच फोनचे शून्य सरकले आहे."

अब्बांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. अम्मीने आतून विचारले, "मग चहा टाकू ना?"

त्या संध्याकाळी भाईजानांनी अ‍ॅपमध्ये एक नवे बटण घातले. फोन दोन्ही कडांनी लावायचा, दोन आकड्यांमधून यंत्राची चूक काढायची आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून ती वजा करायची. बटणाला नाव काय द्यावे, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, "साहूल!" तेच नाव राहिले.

रात्री अंगणात बसलो असताना मी विचारले, "फोन हातातून पडला तर चिप काय सांगेल?"

"पडत असताना तिन्ही आकडे शून्याजवळ येतात," भाईजान म्हणाले. "चाचांचा ओळंबा दोरीसकट खाली सोडला, तर दोरी ताणलेली राहणार नाही. तसेच हे. आणि फोनचे तोंड पूर्वेला आहे की पश्चिमेला, हेही ही चिप सांगू शकत नाही. त्यासाठी फोनमध्ये वेगळा चुंबकीय होकायंत्र असतो."

दादाजान आतापर्यंत नुसते ऐकत होते. ते म्हणाले, "त्वरणमापक हा शब्द मी आधी ऐकला आहे. ११ डिसेंबर १९६७ ची ती रात्र. पहाटेपूर्वी खाट हलली, भांडी वाजू लागली. सातारा जिल्ह्यात कोयनानगरला मोठा भूकंप झाला होता. दीडशेहून अधिक माणसे गेली. कोयना धरणाला तडे गेले, पण धरण फुटले नाही. त्या धरणात असे एक यंत्र बसवलेले होते, असे पुढे वाचले."

भाईजान म्हणाले, "आम्हाला ते शिकवले आहे. त्या यंत्राने हादऱ्याची नोंद केली. जमीन आडवी हलली, तेव्हा तिचे त्वरण गुरुत्वाच्या निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. धरणे कशी बांधावीत हे ठरवताना जगभरचे अभियंते आजही ती नोंद अभ्यासतात. तेव्हा अशी यंत्रे मोजक्या ठिकाणी असत. आज तेच काम करणारी चिप प्रत्येकाच्या खिशात आहे. २०२३ पासून भारतात अँड्रॉइड फोनही भूकंपाची सूचना देऊ लागले आहेत. चार्जिंगला लावलेले, स्थिर ठेवलेले अनेक फोन एकाच वेळी हादरले, की भूकंप झाल्याचे ओळखता येते."

दुसऱ्या दिवशी छप्पर चढले. निघताना चाचांनी तो ओळंबा भाईजानांच्या हातात ठेवला. "तुझे यंत्र माझ्यापेक्षा बारीक मोजते," ते म्हणाले. "पण जो मोजतो, त्याने आधी स्वतःला तपासावे. हे विसरू नकोस."

आता पावसाळा सुरू झाला आहे. नव्या भिंतीवर ओलीचा डाग नाही. तिच्याच खिळ्याला ओळंबा टांगलेला आहे.

शब्दार्थ
ओळंबा – भिंत सरळ आहे का हे पाहण्याचे दोरीचे वजन, साहूल
पाणसळ – पृष्ठभाग सपाट आहे का हे पाहण्याचे बुडबुड्याचे साधन
गिलावा – भिंतीवरचा सिमेंट-वाळूचा लेप
त्वरण – वेग बदलण्याचा दर
कल – झुकाव
बेताचे – जेमतेम पुरेल इतके

वाक्प्रचार
चेहरा उतरणे – निराश होणे
निरुत्तर होणे – उत्तर न सुचणे
सुटकेचा नि:श्वास टाकणे – काळजी मिटल्यामुळे बरे वाटणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मागची भिंत नवी का बांधावी लागली?
(आ) फोन उभा आणि स्थिर धरल्यावर कोणत्या दिशेचा आकडा ९.८ च्या जवळ येतो?
(इ) कोयनानगरचा भूकंप कधी झाला?

२. कारणे लिहा.
(अ) अब्बांचा चेहरा उतरला.
(आ) अ‍ॅप अनेक आकड्यांची सरासरी घेते.
(इ) ओळंब्याचे वजन झुलत असताना चाचा निकाल देत नाहीत.

३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
चूक भिंतीची नसून फोनची आहे, हे कसे सिद्ध झाले?

४. 'हिशोब', 'उस्ताद', 'नजर', 'मजुरी' हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा आणि वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : दोरी आणि एक लहान दगड घेऊन ओळंबा तयार करा. वर्गाचा दरवाजा ओळंब्यात आहे का ते पाहा आणि वहीत नोंद करा.