‘परत घ्या’ असा फोन येतो तेव्हा

परीक्षा संपली की आपल्या होस्टेलचा जुना बाजार होतो. ड्राफ्टर, कॅल्सी, कूलर, सायकल, इंडक्शन, गेल्या चार वर्षांची जर्नल्स (ही विकत घेणारेही भेटतात!), सगळं विकायला निघतं. पूर्वी मेसच्या दारावर कागद चिकटवला की काम व्हायचं. आता फोटो काढून ऑनलाइन टाकलं की नांदेडपासून सावंतवाडीपर्यंतचं गिऱ्हाईक मिळतं. पैसे येतात, आपण पार्टी करतो, आणि तिसऱ्या दिवशी मेसेज येतो: “दादा, वस्तू परत घ्या आणि पैसे द्या.”

यावर होस्टेलचे दोन ठरलेले उपाय आहेत. एक, नंबर ब्लॉक करणे. दोन, “वापरलेला माल आहे, परत मिळणार नाही” असं ठणकावणे. मी दुसरा उपाय केला होता, आणि तो चुकला होता.

सहावं सेमिस्टर संपल्यावर मी जुना लॅपटॉप १४,५०० रुपयांना विकला. घेणारा डिप्लोमाचा मुलगा, बाहेरगावचा. जाहिरातीत लिहिलं होतं, “कंडिशन उत्तम, बॅटरी चांगली.” कुरिअर मिळाल्यावर त्याचा फोन आला की बॅटरी जेमतेम तासभर चालते, त्याच्या गावात दुपारी लाइट नसते, आणि वडिलांनी पैसे उसने आणून दिलेत. मी वरचं वाक्य ऐकवून फोन ठेवला. खोटं बोललो असं मला वाटतच नव्हतं. माझा लॅपटॉप सदैव चार्जरला लावलेला, मला काय ठाऊक बॅटरी कशी आहे ते!

संध्याकाळी टपरीवर आमच्या एका सरांना मोठ्या तोऱ्यात ही गोष्ट सांगितली. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “चांगली म्हणजे किती? प्रॅक्टिकलला रीडिंगपुढे युनिट नसलं तर मी मार्क देतो का?”

त्या मुलाला मी रात्री परत फोन केला. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’ आणि पुढे तिरपी रेघ देऊन ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, दोन्ही आकडे मिळतात. त्याने पाठवलेले आकडे होते ४१,००० आणि १५,६०० मिलिवॅट-तास. म्हणजे ३८ टक्के. लॅपटॉप सरासरी १५ वॅट खातो असं धरलं तर १५.६ भागिले १५, एक तास आणि थोडी मिनिटं. नव्या बॅटरीवर हेच पावणेतीन तास झाले असते. पोरगं बरोबर बोलत होतं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, कारण ‘वापरलेला माल परत नाही’ ही ओळ म्हणजे आपल्याला चिलखत वाटते. माल विक्री कायदा १९३० चा आहे. त्याच्या कलम १६ चं मूळ तत्त्व असं की मालाच्या दर्जाची कुठलीही हमी आपोआप गृहीत धरली जात नाही, घेणाऱ्याने बघून घ्यावं. इथवर विकणारा खूश. पण कलम १५ म्हणतं की वर्णनावरून माल विकला असेल तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. आणि ऑनलाइन विक्री बहुतेक वेळा वर्णनावरचीच असते. घेणाऱ्याने वस्तू हातात धरलेली नसते, त्याच्याकडे असतात चार फोटो आणि तुमच्या चार ओळी.

त्याहून मला लागलं ते भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १८. स्वतःकडे पुरेशी माहिती नसताना एखादी गोष्ट ठामपणे सांगितली आणि ती खरी निघाली नाही, तर सांगणाऱ्याचा तिच्यावर मनापासून विश्वास असला तरी ते चुकीचं निवेदनच ठरतं. वाचताना वाटलं, दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझी जाहिरात बघूनच हे लिहिलंय. कलम १९ प्रमाणे अशा निवेदनामुळे झालेला करार समोरचा माणूस रद्द करू शकतो. अपवाद एवढाच की साधी काळजी घेतली असती तर खरं काय ते त्याला कळलं असतं. कुरिअरने माल घेणाऱ्याला ती संधी कुठे? तुमच्या रूमवर येऊन तासभर लॅपटॉप वापरून नेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

म्हणजे फोन आल्यावर पहिला प्रश्न ‘परत घ्यायचं का’ हा नाहीच. पहिला प्रश्न, तक्रार कशाबद्दल आहे? जाहिरातीत लिहिलेलं आणि पोचलेलं यात फरक आहे का? आपलीच जाहिरात पुन्हा वाचायची, शत्रूच्या नजरेने. (म्हणून विकल्यावर जाहिरात पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा.) फरक असेल तर चूक आपली. वाटेत तुटलं असेल तर पॅकिंग कसं केलं होतं ते आठवा. ड्राफ्टर नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवणारे महाभाग आपल्यात आहेत. आणि “घरचे नको म्हणतात” किंवा “दुसरीकडे स्वस्त मिळतंय” असं असेल, तर परत घेण्याचं बंधन नाही. सरळ पण सभ्यपणे लिहावं: “वस्तू जाहिरातीप्रमाणेच आहे, त्यामुळे परत घेता येणार नाही. वापरताना काही अडलं तर विचारा, सांगतो.” बस. यापुढे वाद घालायचा नाही.

चूक आपली असली तरी वस्तू परतच आली पाहिजे असं नाही. माझ्या बाबतीत कुरिअरचे एका बाजूचे ४५० रुपये, परत आणायचे आणखी ४५०, वर मोडतोडीची भीती. त्या मॉडेलची नवी बॅटरी २,४०० ला मिळत होती. मी ‘नवी’ म्हटलं नव्हतं, ‘चांगली’ म्हटलं होतं, म्हणून पूर्ण २,४०० माझ्या माथी नकोत असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, मग ‘चांगली’ म्हणजे निदान ७० टक्के तरी. शेवटी १,६०० वर तुटलं. पैसे त्याने ज्या खात्यातून दिले होते त्याच खात्यात पाठवले आणि “१,६०० मिळाले, बॅटरीची तक्रार मिटली” असा मेसेज त्याच्याकडून घेतला. किमतीतली घट वळती करून घेणं ही काही आमची हुशारी नव्हती, माल विक्री कायद्याच्या कलम ५९ मध्ये ही वाट आधीपासून आहे.

वस्तू परत घ्यायचीच ठरली तर मात्र क्रम सांभाळा. माझ्या रूममेटने कनवाळूपणा केला. त्याच्या विकलेल्या मोबाइलचा कॅमेरा खराब आहे असं गिऱ्हाईक म्हणालं, याने लगेच ६,००० रुपये परत केले आणि मग पार्सलची वाट बघितली. पार्सल आलं. मोबाइल त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा, पण दुसराच! तो दुसरा आहे हे सिद्ध करायला याच्याकडे काहीच नव्हतं, कारण आयएमईआय नंबर लिहून ठेवलाच नव्हता. तारा, हॅश, शून्य सहा आणि पुन्हा हॅश (*#०६#) डायल केलं की तो पंधरा आकडी नंबर दिसतो. पाठवण्यापूर्वी त्याचा फोटो, लॅपटॉपचा सिरीयल नंबर, चालू स्थितीतला व्हिडिओ आणि पॅकिंग करतानाचा व्हिडिओ, दहा मिनिटांचं काम आहे. परत आलेलं पार्सलही कॅमेऱ्यासमोरच उघडायचं, आधी नंबर जुळवायचा, मग पैसे.

आता घेणाराही म्हणू शकतो, “वस्तू पाठवली आणि तुम्ही पैसे दिलेच नाहीत तर?” त्याचं चूक नाही. जवळचा असेल तर स्टँडवर समोरासमोर भेटा. लांबचा असेल तर त्यानेही पाठवण्यापूर्वी व्हिडिओ काढावा, कुरिअरची पावती पाठवावी, त्यावर काही रक्कम द्यावी आणि बाकी तपासल्यावर. पैसे मधल्या साइटकडे राहतात अशा ठिकाणी विकलं असेल तर सगळं बोलणं तिथेच ठेवा. “साइट सोडा, आपण आपसात मिटवू” म्हणणाऱ्याच्या नादी लागलात की तक्रार ऐकणारा तिसरा माणूसच उरत नाही. शिवाय उत्तर द्यायला तिथे मुदत असते. सबमिशनच्या गडबडीत ती चुकली की निकाल बहुधा विरुद्ध जातो.

परत येणाऱ्या मोबाइलची आणखी एक भानगड. घेणाऱ्याने त्यात स्वतःचं गुगल खातं टाकलं असेल तर ते काढूनच रिसेट करायला सांगा. नुसतं बटणं दाबून रिसेट केलेला फोन चालू करताना जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो माणूस तोवर फोन उचलेनासा झालेला असतो.

रिफंडच्या नावाने फसवणूकही चालते. “रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका” असं कोणी म्हटलं की थांबा. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. फसलात तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. माल विक्री कायद्याचं सालही १९३०, त्यामुळे एका पाठांतरात दोन कामं!

प्रत्येक मजल्यावर एक धंदेवाईक असतो, त्याच्यासाठीही थोडं. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार साइटवर विकणाऱ्याला सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला नकार देता येत नाही. स्वतःची एखादी वस्तू वैयक्तिकरीत्या विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, मग तो होस्टेलचा असो की स्टाफ क्वार्टर्समधला जुना फ्रिज विकणारा. पण सीनियर्सकडून दरवर्षी वीस ड्राफ्टर गोळा करून फर्स्ट इयरला विकणारे आमचे मित्र ‘मी तर विद्यार्थी’ म्हणून यातून सुटतील असं मला वाटत नाही. नियमित धंदा तो धंदाच.

यंदा मी कूलर विकला. जाहिरात अशी होती: “तीन उन्हाळे वापरलेला. पंप गेल्या एप्रिलमध्ये बदलला. डाव्या जाळीला तडा (फोटो ३). तिसऱ्या स्पीडला आवाज करतो (व्हिडिओ बघा). रूमवर येऊन चालवून बघा.” आठ दिवस कोणी विचारलं नाही. नवव्या दिवशी सिव्हिलचा एक ज्युनियर आला, तिसऱ्या स्पीडवर अर्धा तास समोर बसून राहिला, दोनशे रुपये कमी करून घेतले आणि कूलर घेऊन गेला.