मोटारीच्या वेगाचें मोजमाप

आगगाडी शिटी वाजवीत जवळ येत असतां तिचा स्वर चढा लागतो, आणि ती आपल्यापुढून निघून जातांच तोच स्वर एकाएकीं उतरतो, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं अनुभविलें असेल. या अनुभवामागील तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८४२ सालीं मांडलें. पुढें १८४५ सालीं हॉलंडांत आगगाडीवर तुतारीवाले बसवून त्याची परीक्षाही पाहण्यांत आली. भरधाव मोटार हांकणाराच्या हातीं आज जें दंडाचें चलान पडतें, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच तत्त्व असतें.

प्रारंभीं हें काम शिपायाच्या पायांवर अवलंबून असे. १८९६ च्या जानेवारींत इंग्लंडांतील केंट परगण्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाच्या गृहस्थानें ताशीं दोन मैलांची मर्यादा असतां आठ मैलांनीं मोटार पिटाळली. शिपायानें सायकलीवरून पाठलाग करून त्यास गांठलें, व त्यास एक शिलिंग दंड झाला!

आतां रडारचें पाहूं. पोलिसाच्या हातांतील यंत्र रेडिओलहरी सोडतें. त्या मोटारीवर आपटून परततात. मोटार समोरून येत असली म्हणजे परतणाऱ्या लहरींचीं कंपनें किंचित् अधिक भरतात. यंत्र सेकंदास २४१५ कोटी कंपनांच्या लहरी सोडीत असेल आणि मोटार ताशीं १०० किलोमीटरनें येत असेल, तर ही वाढ अवघी ४४७० कंपनांच्या आसपास येते. पण तेवढी यंत्रास पुरते. मोटार तिरप्या कोनांतून टिपली गेली तर दाखविलेला वेग खऱ्याहून कमीच येतो, म्हणजे ही चूक चालकाच्या पथ्यावर पडते. खरी अडचण निराळी आहे. रडारचा झोत दूर जातां जातां पसरतो, आणि दोन गाड्या जवळजवळ असल्या म्हणजे वेग नेमका कोणाचा, हा वाद उरतो.

तो वाद लेसरनें बराचसा मिटविला. त्याचा झोत ३०० मीटरांवर सुमारें एक मीटरच रुंद होतो. प्रकाशास तेवढें अंतर जाऊन परत यावयास सेकंदाचे दोन दशलक्षांश लागतात. असे अनेक झोत लागोपाठ सोडून, गाडीचें अंतर किती झपाट्यानें घटत आहे तें यंत्र काढतें. कांहीं हुषार मंडळी पोलिसांच्या यंत्राची चाहूल देणारें उपकरण गाडींत बसवितात. लेसरपुढें तें बहुधा फुकट जातें, कारण इशारा वाजतो तेव्हां मोजणी झालेली असते.

कॅमेरा दिसतांच ब्रेक दाबावा व पुढें पुन्हां गाडी सोडावी, ही युक्तीही आतां सर्वत्र चालत नाहीं. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०२४ सालीं जी यंत्रणा सुरू झाली, तींत दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही पाहिला जातो. दोन कॅमेऱ्यांमध्यें २० किलोमीटर अंतर आहे असें धरूं. मोटारीस तेथें १०० ची मर्यादा आहे. म्हणजे १२ मिनिटांच्या आंत पोहोंचणारा दोषी ठरलाच. १२० च्या सरासरीनें दहा मिनिटांत आलेल्यानें चलान चुकवावयाचें म्हटलें, तर दुसऱ्या कॅमेऱ्याअलीकडे दोन मिनिटें स्वस्थ थांबावें लागेल. जें कमावलें तें तेथेंच खर्चीं पडलें!

पण शंभराऐवजीं एकशेंवीसानें असें काय बिघडतें, असें पुष्कळ पालक विचारतात. याचें उत्तर वरच्या इयत्तांतील मुलांस पाटीवर काढतां येईल. ब्रेक लागल्यावर थांबावयास लागणारें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. दोन सारख्या मोटारी, एक १०० नें व दुसरी १२० नें, शेजारीं शेजारीं धांवत आहेत. पुढें झाड आडवें पडलेलें पाहून दोन्ही चालकांनीं एकाच क्षणीं सारख्याच जोरानें ब्रेक दाबले. पहिली झाडाला टेकतां टेकतां उभी राहिली. त्या जागीं दुसरीचा वेग किती उरला असेल? वीस, असें पुष्कळजण म्हणतील. १२० चा वर्ग १४४००. त्यांतून १०० चा वर्ग १०००० वजा जातां ४४०० उरतात, आणि त्यांचें वर्गमूळ सुमारें ६६ येतें. ताशीं ६६ किलोमीटरनें ती मोटार, आंतील माणसांसह, त्या झाडावर आदळेल.