सांध्यापासून सुरुवात कर

चि. मुग्धास,


प्रकल्पासाठी लाकडी पूल निवडलास, फार आनंद झाला. हा विषय बागेतल्या शोभेच्या पुलांचा आहे, असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस. नॉर्वेतल्या फ्लिसा गावी 2003 साली अरुंद जुन्या पुलाच्या जागी रुंद लाकडी पूल आला, तोही जुन्याच खांबांवर. लाकूड हलकं, म्हणून ते जमलं.

पण तू पाठवलेल्या आराखड्यात कमानीचं गणित पानभर आणि सांध्याला दोन ओळी! बाळा, हे उलटं कर. फळ्या एकावर एक चिकटवून केलेली ग्लुलॅमची तुळई सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा.

त्याच देशातला ट्रेटनचा पूल नीट अभ्यास. 2012 साली खुला झाला, आयुष्य किमान शंभर वर्षं धरलेलं, आणि 15 ऑगस्ट 2022 रोजी सकाळी नदीत कोसळला. पुलावर एक ट्रक आणि एक मोटार होती. दोन्ही चालक वाचले, हे नशीब. ट्रसच्या, म्हणजे त्रिकोणी सांगाड्याच्या, तिरप्या दांड्याच्या टोकाला खाचा पाडून पोलादी पट्ट्या बसवलेल्या, आणि लाकूड-पट्टी आरपार छेदणारे डॉवेल, म्हणजे खुंट्या. प्रत्येक डॉवेल आपापला भार पेलत होता. पण ताण आला तेव्हा डॉवेलांच्या गटाभोवतीचं लाकूड एकगठ्ठा उपटून आलं, भोकांच्या रेषेवर टपाल तिकीट फाटावं तसं. याला ब्लॉक शिअर म्हणतात. आराखडा झाला तेव्हाच्या नियमांत ते तपासायची अट नव्हती. मला अस्वस्थ करतं ते पुढचं: त्याच खोऱ्यातला पेरकोलोचा पूल 2016 सालीच पडला होता, तोही सांध्यातल्याच चुकीमुळे, आणि त्यानंतर ट्रेटनचीही तपासणी झाली होती.

म्हणून नियमावलीत नसलं तरी स्वतःला विचार: हा सांधा आणखी कुठून फाटू शकेल? लाकूड धाग्याच्या दिशेने दणकट, आडव्या ताणाला फार कमजोर. डॉवेल टोकापासून किती दूर आहेत, एकमेकांत किती अंतर आहे, हे हाताने मांडून बघ. नुसत्या सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेवर विसंबू नकोस.

पाण्याचं थोडक्यात: ओलावा वीस टक्क्यांखाली राहिला तर बुरशी धरत नाही. दांड्याची कापलेली टोकं मात्र पाणी शोषतात, ती झाक.

पुढच्या खेपेला एकाच सांध्याचं पूर्ण मापाचं चित्र पाठव, कमान नंतर बघू.

तुझा,
मामा