संगणकातील दप्तर वाचनीय कसे राहील?

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील येथील जुन्या नोंदी बऱ्याच अंशी उर्दूत व मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत असला, तरी तो वाचणारे आता थोडेच उरले आहेत. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा २०२३ मध्ये शोध घेण्यात आला, तेव्हा मोडी व उर्दू जाणणाऱ्यांचे साहाय्य घ्यावे लागले. दस्तऐवज जपणे आणि तो वाचनीय ठेवणे ही दोन भिन्न कामे आहेत, हा त्यातील बोध होय. संगणकातील दप्तरालाही तो लागू पडतो.

अडचणीचे मूळ

कार्यालयांत संगणक आले, त्या काळात मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत असे. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. पडद्यावर 'शेतकरी' हा शब्द दिसे. संगणकात मात्र रोमन अक्षरे व चिन्हेच साठविली जात. तोच फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसेल, तर निरर्थक चिन्हांची रांग तेवढी दिसते.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडविला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. यात प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायम क्रमांक असतो. उदाहरणार्थ, 'क' चा क्रमांक २३२५. फॉन्ट बदलला, तरी अक्षर बदलत नाही. केंद्र शासनाने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरविले.

दुसरी अडचण आवृत्त्यांची आहे. ऑफिस २००७ पासून फाइलींचा नमुना बदलला. तशी फाइल ऑफिस २००३ मध्ये वेगळी जोड बसविल्याविना उघडत नसे. विंडोज ७ चे सर्वसाधारण साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा यंत्रास सुरक्षेच्या नियमित दुरुस्त्या मिळत नाहीत.

नुकसान कोणाचे?

समजा, केज तालुक्यातील एका शाळेने ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची यादी जुन्या फॉन्टमध्ये तयार केली. ती कारखान्याजवळच्या शाळेत पाठविली, तर तेथे नावे वाचता येणार नाहीत. नाव टाकून शोध घेतला, तर काहीच सापडणार नाही. हंगाम सहा महिन्यांचा. यादी दुरुस्त होईपर्यंत त्यातील काही आठवडे निघून जातात. यंत्राच्या विसंगतीची किंमत अशा प्रकारे त्या मुलास मोजावी लागते.

करावयाचे काम

प्रथम कार्यालयातील प्रत्येक यंत्रावरील प्रणाली, तिची आवृत्ती व वापरातील फॉन्ट यांची नोंदवही करावी. ठराव, सेवाविषयक नोंदी, लाभार्थी व विद्यार्थी याद्या अशा दीर्घकाळ लागणाऱ्या फाइली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्यात. मूळ फाइल मात्र नष्ट करू नये.

रूपांतर यंत्राने होते. पडताळणी माणसानेच करावी. 'कि' लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये सामान्यतः वेलांटी आधी व 'क' नंतर साठविला जाई. युनिकोडमध्ये 'क' आधी व वेलांटी नंतर येते. म्हणून ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे येथे चुका संभवतात. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचावा व दुसऱ्याने पडद्यावरील मजकूर ताडून पाहावा. आडनावे व गट क्रमांक यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तेथील एका अक्षराची वा अंकाची चूक नागरिकाचा हक्क अडवू शकते.

नवे लेखन यापुढे युनिकोडमध्येच करावे. जुना फॉन्ट सरावाने हातात बसलेला असतो, हे खरे. परंतु नव्या कळफलकाचा सराव काही आठवड्यांच्या नियमित प्रयत्नाने साध्य होतो. मोडीचे जाणकार आज शोधावे लागतात. आपल्या फाइली वाचण्यासाठी पुढील पिढीवर तशीच वेळ येऊ नये, याची तजवीज आजच करता येण्याजोगी आहे.