पशुकल्याणविषयक शोधनिबंध : गोठ्यातील नोंदीपासून नियतकालिकापर्यंत

पशुविज्ञानातील संशोधनात दूध उत्पादन, वजनवाढ व प्रजनन यांच्या जोडीने जनावराचे वर्तन, वेदना आणि मानसिक अवस्था हेही आता अभ्यासाचे विषय झाले आहेत. या विषयावरील अनेक शोधनिबंध मात्र समीक्षकांपर्यंत न पोहोचताच संपादकांकडून परत येतात. भाषेतील दोष नंतर सुधारता येतात. परंतु प्रयोगाच्या आखणीतील उणीव आणि नैतिक मंजुरीचा अभाव या दोन गोष्टी लेखनाच्या टप्प्यावर भरून काढता येत नाहीत. त्यामुळे शोधनिबंधाची तयारी पहिली नोंद घेण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे या तयारीचे टप्पे मांडले आहेत. सिमेंटच्या जमिनीवर रबरी मॅट अंथरल्यास दुधाळ म्हशींच्या कल्याणात सुधारणा होते काय, हा आपला प्रश्न आहे असे समजू.

१. प्रश्न आणि निर्देशक

‘कल्याण’ ही संकल्पना एका आकड्यात मोजता येत नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने दिलेल्या अहवालातून या विषयाच्या शास्त्रीय चर्चेला चालना मिळाली व १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ शब्दबद्ध झाली : भूक व तहान, अस्वस्थता, वेदना–इजा–रोग, तसेच भीती व ताण यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तनाची मुभा. मेलर व रीड यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या ‘पाच क्षेत्रां’च्या प्रारूपात पोषण, परिसर, आरोग्य व वर्तन या चार क्षेत्रांचा परिणाम पाचव्या, म्हणजे मानसिक अवस्थेच्या क्षेत्रावर कसा होतो, हे पाहिले जाते. आपण कोणती चौकट स्वीकारली आहे, हे प्रस्तावनेतच स्पष्ट करावे.

निर्देशक दोन प्रकारचे असतात. मॅटची जाडी, प्रति जनावर उपलब्ध जागा, पाण्याची सोय हे साधनाधारित निर्देशक होत. बसण्याचा कालावधी, ढोपरावरील जखमा, लंगडेपणा, अंगाची स्वच्छता हे जनावराधारित निर्देशक होत. साधन पुरविले म्हणजे कल्याण साधले असे गृहीत धरता येत नाही. म्हणून जनावराधारित निर्देशकांना प्राधान्य द्यावे. केवळ दूध वाढले म्हणून कल्याण वाढले, असा निष्कर्षही काढू नये; भरपूर दूध देणारी म्हैस लंगडत असू शकते.

कॉर्टिसॉलच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. जनावर पकडून, बांधून रक्त घेण्याच्या क्रियेनेच काही मिनिटांत हे संप्रेरक वाढते. शिवाय दिवसाच्या वेळेनुसारही त्याची पातळी बदलते. नमुना कोणत्या वेळी, किती वेळात व कोणत्या पद्धतीने घेतला हे न लिहिल्यास त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

२. नैतिक मंजुरी

भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण व पर्यवेक्षण करणारी केंद्रीय समिती कार्यरत आहे. पूर्वी ती सीपीसीएसईए या संक्षिप्त नावाने ओळखली जाई. आता तिला सीसीएसईए म्हणतात. १९९८ च्या नियमांनुसार नोंदणीकृत संस्थेत संस्थात्मक प्राणी नीतिशास्त्र समिती असते. ‘आम्ही फक्त निरीक्षण करणार आहोत, मंजुरी कशाला?’ असा विचार संशोधकाने परस्पर करू नये. मंजुरी आवश्यक आहे किंवा नाही, याचा निर्णय समितीकडून लेखी घ्यावा. प्रयोग पूर्ण झाल्यावर मंजुरी मागितल्यास ती मिळत नाही आणि वर्षभराचे काम अप्रकाशित राहते.

शोधनिबंधाच्या ‘साहित्य व पद्धती’ विभागात मंजुरीचा क्रमांक व दिनांक द्यावा. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय, कपात व सुधारणा ही तीन तत्त्वे कशी पाळली, हेही लिहावे. जनावरे शेतकऱ्यांची असतील, तर मालकाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घ्यावी. प्रयोगादरम्यान एखादी म्हैस लंगडू लागली, तर तिला प्रयोगातून केव्हा वगळावयाचे व उपचार कोणी करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे.

३. प्रायोगिक एकक

सर्वाधिक घात याच मुद्द्यावर होतो. समजा, एका गोठ्यात मॅट घातली व तेथे २० म्हशी ठेवल्या. दुसऱ्या गोठ्यात मॅटविना २० म्हशी ठेवल्या. नमुना संख्या ४० आहे असे वाटते. परंतु मॅट म्हशीला दिलेली नसून गोठ्याला दिलेली आहे. प्रत्येक गटात प्रायोगिक एकक एकच ठरते आणि दिसलेला फरक मॅटचा, वाऱ्याच्या दिशेचा की गोठ्यातील कामगाराच्या वागणुकीचा, हे सांगता येत नाही. या दोषाला छद्म पुनरावृत्ती म्हणतात. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये त्याची सविस्तर चिकित्सा केली. कोणतीही सांख्यिकी चाचणी तो नंतर दूर करू शकत नाही.

यावर उपाय दोन. म्हशी दावणीला स्वतंत्र बांधलेल्या असतील, तर कोणत्या जागेवर मॅट घालावयाची हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाच्या साह्याने यादृच्छिक पद्धतीने ठरवावे. अशा वेळी म्हैस हे एकक होऊ शकते. मुक्त संचार गोठा असेल, तर प्रत्येक गटासाठी अनेक कप्पे घ्यावेत व कप्पा हेच एकक मानावे. नमुना संख्या कशी निश्चित केली, हे नमूद करावे. गरजेपेक्षा कमी जनावरे घेतल्यास निष्कर्ष निघत नाही. गरजेपेक्षा अधिक घेतल्यास जनावरांना विनाकारण त्रास होतो. यासाठी सांख्यिकी तज्ज्ञाचा सल्ला प्रयोगापूर्वी घ्यावा.

४. निरीक्षणाची विश्वासार्हता

लंगडेपणासाठी १ ते ५ अशी गुणांकन पद्धत प्रचलित आहे. परंतु एका निरीक्षकाचे ‘२’ दुसऱ्याचे ‘३’ असू शकते. निरीक्षकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यातील एकवाक्यता कप्पा गुणांकासारख्या मापाने तपासावी व तो आकडा निबंधात द्यावा. गट ठाऊक असल्यास निरीक्षकाचा कल नकळत गुणांकनात उतरतो. मॅट डोळ्यांना दिसतेच, त्यामुळे बसण्याच्या निरीक्षणात गट लपविता येत नाही; मात्र ढोपराची जवळून छायाचित्रे काढून, त्यांना सांकेतिक क्रमांक देऊन तिऱ्हाईत व्यक्तीकडून गुणांकन करून घेता येते. जे शक्य झाले नाही, ते प्रांजळपणे लिहावे.

५. लेखन

प्राण्यांवरील प्रयोगांच्या वृत्तांकनासाठी ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या २०२० च्या सुधारित आवृत्तीत एकूण २१ मुद्दे असून त्यांपैकी १० अत्यावश्यक मानले आहेत. निरीक्षणात्मक अभ्यासासाठी ‘स्ट्रोब-व्हेट’ ही सूची वापरावी. ही सूची सादरीकरणाच्या आदल्या रात्री भरण्याऐवजी प्रयोग आखतानाच समोर ठेवावी.

जात, वय, वेत, वेतातील दिवस, आहार, जागेची मापे, तापमान व आर्द्रता यांची नोंद इतकी पूर्ण असावी की दुसऱ्या संस्थेला तोच प्रयोग करता यावा. मध्यमानाबरोबर प्रमाण विचलन किंवा विश्वास अंतराल द्यावे. केवळ पी-मूल्य पुरेसे नाही. वगळलेल्या जनावरांची संख्या व कारण सांगावे. अपेक्षित फरक न आढळल्यास तोही निष्कर्षच आहे. तो दडविल्यास दुसरा कोणी तोच प्रयोग नव्या जनावरांवर पुन्हा करील.

चर्चेत शब्द जपून वापरावेत. मॅटवरील म्हशी अधिक काळ बसल्या, एवढेच आपण पाहिले. ‘म्हशींना मॅट आवडली’ असे म्हणावयाचे असेल, तर त्यांना दोन्ही जागा खुल्या ठेवून निवड करू देणारी पसंती चाचणी आवश्यक आहे.

६. नियतकालिकाची निवड व सादरीकरण

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ‘इंडियन जर्नल ऑफ ॲनिमल सायन्सेस’, यूफॉ या संस्थेचे ‘ॲनिमल वेल्फेअर’ आणि ‘ॲप्लाइड ॲनिमल बिहेविअर सायन्स’ ही या विषयाशी संबंधित काही नियतकालिके होत. निवड करताना नियतकालिकाची व्याप्ती, अलीकडील अंक आणि राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमीचे गुणांकन पाहावे. काही दिवसांत प्रकाशनाची हमी देऊन शुल्क मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे.

एका वेळी एकाच नियतकालिकाकडे निबंध पाठवावा. संपादकांना लिहावयाच्या पत्रात नवे काय आढळले, हे दोन-तीन वाक्यांत सांगावे. प्रत्येक लेखकाचे योगदान, मूळ विदेची उपलब्धता आणि हितसंबंध जाहीर करावेत. मॅट उत्पादकाने मॅट विनामूल्य पुरविल्या असतील, तर तेही लिहावे.

७. समीक्षकांना उत्तर

समीक्षकाचा प्रत्येक अभिप्राय जसाच्या तसा उद्धृत करून त्याखाली उत्तर व निबंधातील बदलाचा ओळ क्रमांक द्यावा. मत मान्य नसल्यास सौम्य शब्दांत पुराव्यासह कारण मांडावे. समीक्षकाला एखादी गोष्ट समजली नसेल, तर ती आपण स्पष्ट लिहिली नव्हती असे मानून वाक्य सुधारावे.

प्रयोगातील प्रत्येक म्हशीने बंधन, सुई आणि अनोळखी माणसांचा वावर सहन केलेला असतो. सदोष आखणीमुळे तो निबंध नाकारला गेला, तर तिचा त्रास निष्फळ ठरतो. सदोष असूनही तो छापला गेला, तर त्यावर विसंबून शेतकरी मॅटवर पैसे खर्च करतो. या दोघांप्रती असलेले उत्तरदायित्व आपण नोंदवही उघडण्यापूर्वीच स्वीकारलेले असावे.